अकरा नंबरचा कंडका

गणपती विसर्जन होऊन पाच दिवस झाले होते. मांडवाचे बांबू अजून तालमीच्या दारातच पडले होते आणि माडीच्या जिन्यावर गुलालाचे पाय उमटलेले होते. 2024 चा सप्टेंबर. सतरंजीवर आम्ही नऊ जण बसलो आणि चहा यायच्या आधीच अध्यक्षांनी विषय काढला, "आज कंडका पाडायचा. अकरा नंबर ठेवायचा का द्यायचा?"

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. कंडका पाडायचा म्हणजे एकदाचा निकाल लावायचा. तालीम म्हणजे मुळात कुस्तीची. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबागचं मैदान झालं आणि पेठापेठांत लाल मातीचे हौदे घुमायला लागले. आता बऱ्याच तालमींतली माती वाळून गेलीय, पण दारावर फुटबॉल संघाचा झेंडा असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. हंगामाआधी केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडूंची नोंदणी होते, आणि त्याच्या आधीच्या महिनाभरात पेठांत जेवढ्या गाठीभेटी होतात तेवढ्या विधानसभेलासुद्धा होत नसतील. आमची तालीम या मोठ्या नावांतली नाही. तिचं नाव सांगत नाही, पेठेत राहायचंय.

मी सेक्रेटरी. लक्ष्मीपुरीत माझा छापखाना आहे, त्यामुळं लेटरहेड, पावतीपुस्तकं आणि तालमीचा शिक्का पहिल्यापासून माझ्याकडं. फुटबॉलमधलं मला कळतं तेवढं कट्ट्यावरच्या कुठल्याही माणसाला कळतं. म्हणजे, त्याला वाटतं कळतं.

दुसऱ्या पेठेतल्या एका तालमीचा निरोप आला होता. तुमचा अकरा नंबर आम्हाला द्या, आमचा गोलकिपर आणि डिफेन्सचा एक पोरगा तुम्ही घ्या. हंगाम संपला की खेळाडू उठून कुठंही जातात, ते काही नवीन नाही. पण दुसऱ्याचं पोरगं फोडलं की दोन पेठांत ईर्षा धुमसत राहते आणि ती स्टेडियमवर दगडांनी निस्तरावी लागते. समोरचा सेक्रेटरी जुना माणूस. त्यानं सरळ विचारलं. नियमात लागो न लागो, आमचं ना-हरकतीचं पत्र हवं, मगच नोंदणी करणार, असं त्याचं म्हणणं.

अकरा नंबर म्हणजे आमचा डावा पाय. दिसायला काडी. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला, बाप रिक्षा चालवतो. डावीकडून आत घुसून दोघांना एकाच झुकांडीत बसवायचा आणि गोलकिपर पुढं यायच्या आत बॉल लांबच्या खांबाला घासून आत. मागच्या दोन हंगामांत आमच्या निम्म्याहून जास्त गोल त्याचे. पेठेत त्याच्या जन्मतारखेला फ्लेक्स लागायचा, आणि तो मीच अर्ध्या दरात छापून द्यायचो.

आणि हा पोरगा सहा महिने नाराज होता. सरावाला उशिरा यायचा, बूट न घालता बांधावर बसायचा. ग्रुपवर कुणी काही टाकलं की निळ्या टिका पडायच्या, उत्तर नाही. डीपीवर तालमीच्या जर्सीतला फोटो होता, तो काढून रंकाळ्याचा फोटो लावला. आमच्याकडं डीपी बदलणं म्हणजे जवळजवळ राजीनामाच. मार्चमधल्या सेमी फायनलला कोचनं त्याला साठाव्या मिनिटाला बाहेर घेतलं. तो बाकड्यावर बसलाच नाही. जर्सी काढून रेलिंगवर टाकली आणि तसाच बनियनवर गाडीतळाकडं चालत गेला. आम्ही हरलो. त्या रात्री पेठेत एक शब्द फिरला, "विकला गेला."

बैठकीत तीन तोंडं तीन दिशांना होती. कोच म्हणाला, किपर मिळत असेल तर डोळे झाकून द्या. आपण गोल करत नाही म्हणून हरत नाही, खातो म्हणून हरतो. यात खोटं काही नव्हतं. आमचा किपर चांगला पोरगा, पण कॉर्नर आला की देवाचं नाव घेऊन बाहेर यायचा. अध्यक्षांचा मुद्दा पैशाचा आणि मानाचा. "तालमीपेक्षा मोठा कोण न्हाई. ज्याला जायचंय त्यानं जावं, पण फुकट न्हाई." आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलेले वस्ताद. वय ऐंशीच्या पुढं, कान मोडलेले, फुटबॉल त्यांना पोरखेळ वाटतो, पण तालीम त्यांची. ते एवढंच म्हणाले, "पोरगं पेठेतलं हाय." मग डोळे मिटून बसले. त्यांच्या डोळे मिटण्याचा अर्थ प्रत्येकानं आपापल्या सोयीनं लावला.

दोन तास झाले, चहा दोनदा झाला, कंडका काही पडला नाही. पुढच्या रविवारी बसू असं ठरलं.

माझा भाचा कॅनडात कॅलगरीला असतो. सॉफ्टवेअरचं काम. आमच्याकडं सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिथं आदल्या दिवशीची रात्र असते, जेवण झालं की तो मला फोन लावतो. पोरगं इथलंच, स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेलं, पण तिथं जाऊन त्याला हॉकीचा नाद लागला. हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आपलं ध्यानचंद स्टेडियम येतं. त्याची हॉकी बर्फावरची, पायात धारदार पात्यांचे बूट, बॉलऐवजी रबराची चकती. नोंदवहीत पत्रांचे नंबर घालता घालता मी त्याला अकरा नंबरची कथा सांगितली. सहज, बोलायला विषय म्हणून. तो एकदम उठून बसल्यासारखा बोलायला लागला.

"मामा, आमच्या इथं हेच झालंय. कचक!"

मॅथ्यू कचक नावाचा खेळाडू कॅलगरी फ्लेम्सचा हुकमी एक्का. 2022 च्या उन्हाळ्यात त्यानं क्लबला सांगून टाकलं, मी इथं लांबचा करार करणार नाही. तिकडं खेळाडूची अदलाबदल क्लब आपसात करतात, त्याला ट्रेड म्हणतात. फ्लेम्सनी त्याला फ्लोरिडा पँथर्सला दिला आणि बदल्यात जोनाथन ह्युबर्डो, मॅकेन्झी वीगर, आणखी एक पोरगा आणि पुढं नवा खेळाडू निवडायचा पहिल्या फेरीतला हक्क, असं सगळं घेतलं. ह्युबर्डोनं आदल्या हंगामात, स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास मिळून, 115 गुण काढले होते. "आम्ही इथं पार्टी केली मामा. म्हटलं, रुसलेला देऊन एवढा माल आला, लॉटरी लागली." पुढच्या हंगामात ह्युबर्डोचे गुण झाले 55. आणि कचकचा फ्लोरिडा संघ 2023 ला फायनलला गेला, 2024 ला स्टॅनले कप, म्हणजे त्या लीगचा विजेतेपदाचा कप, जिंकला.

"म्हणजे द्यायचा न्हाई?" मी विचारलं.

"तसं न्हाई वो. टँपाच्या संघाचं ऐका." तिथं जोनाथन ड्रुअँ नावाच्या पोरानं दुसरीकडं द्या म्हणून हट्ट धरला, खालच्या संघाच्या सामन्याला आलाच नाही. क्लबनं 2016 च्या जानेवारीत त्याला निलंबित केलं. मॅनेजर स्टीव्ह आयझरमन स्वतः जुना मोठा खेळाडू. सगळे म्हणत होते, मिळेल त्या भावात काढून टाक. तो गप्प बसला. पोरगं एप्रिलमध्ये परत आलं, बाद फेरीत चांगलं खेळलं. आणि मग 2017 च्या जूनमध्ये, भाव आल्यावर, त्याला माँट्रियलला देऊन मिखाईल सर्गाचेव्ह नावाचा डिफेन्सचा पोरगा घेतला. सर्गाचेव्ह धरून टँपानं पुढं दोन कप जिंकले, 2020 आणि 2021.

मला हे आवडलं. डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला: एक हंगाम ठेवू, खेळवू, मग किपरबरोबर आणखी काहीतरी मागू. छापखान्याच्या खुर्चीत बसून मी आयझरमन झालो होतो.

तेवढ्यात भाच्यानं विचारलं, "पण मामा, त्याला झालंय काय? रुसलाय कशावर?"

"पैशावर असणार. दुसरं काय असतंय?"

"कुणी विचारलं?"

मी म्हणालो, विचारायचं काय त्यात, दिसतंय की. मग त्यानं तिसरी गोष्ट सांगितली. बफेलो सेबर्सचा कॅप्टन जॅक आयकल. 2021 च्या मार्चमध्ये मानेला दुखापत. क्लबचे डॉक्टर म्हणाले मणके जोडायची शस्त्रक्रिया करू, आयकल म्हणाला मला कृत्रिम चकती बसवायचीय. त्या लीगमध्ये तशी शस्त्रक्रिया तोवर कुणी केली नव्हती. खेळाडूंच्या करारात लिहिलेलं, उपचाराचा शेवटचा शब्द क्लबचा. झालं. आठ महिने मान तशीच. सप्टेंबरात त्याचं कॅप्टनपद काढून घेतलं. नोव्हेंबरात व्हेगासनं त्याची सगळी कागदपत्रं बघून, कर तुला हवी ती शस्त्रक्रिया, म्हणून त्याला घेतला. आठवड्याभरात शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारीत तो बर्फावर उतरला. "आणि 2023 ची फायनल बघा मामा. एका बाजूला आयकल, दुसऱ्या बाजूला कचक. दोन्ही दुसऱ्यांनी दिलेली रुसलेली पोरं! आयकलचा संघ जिंकला. बाहेर लोक म्हणायचे पोरगं लई मिजासखोर. भांडण मानेचं होतं."

मान म्हणाला आणि मला गुडघा आठवला.

फोन ठेवला. कपाटातली तालमीची फाइल काढली. वर टेंपोभाड्याच्या पावत्या, मग जर्सीचं बिल, लाइटबिल, मिसळीचं बिल, आणि त्याखाली, पंचिंगच्या तारेत न अडकवता नुसताच सरकवलेला, चार घड्या घातलेला कागद. एमआरआयचं बिल, साडेसहा हजार. त्याला टाचणीनं रिपोर्ट जोडलेला. बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं: "काका, जमलं तर बघा." टाचणी गंजून कागदावर तांबडा ठिपका पडला होता. मार्चमध्ये, त्या सेमी फायनलनंतर आठ-दहा दिवसांनी पोरगा छापखान्यात आला होता. लग्नसराई होती, मशीनवर पत्रिका चालू होत्या. "बघू रे," म्हणून मी कागद घेतला होता. रिपोर्ट उघडलाही नव्हता.

गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि टेबलावर स्वतःचाच गुडघा वाकवून दाखवला. आत दोन दोऱ्या एकमेकींवर फुलीसारख्या असतात, त्यातली पुढची, एसीएल, अर्धी फाटलीय. शिवाय गादीलाही चीर आहे. सरळ पळताना त्याला काही वाटणार नाही, पण पळता पळता वळला की गुडघा निसटल्यासारखं होणार. "हा पोरगा अजून खेळतोय?" त्यांनी विचारलं. मी काहीतरी बोललो.

डावीकडून आत घुसून वळणं हाच तर त्याचा सगळा खेळ.

त्याला गाठलं ते दुसऱ्या दिवशी रात्री, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर. त्याची पहिली पाळी असली की तो तिथं येतो हे मला माहीत होतं. म्हशी ओळीनं उभ्या, समोर पिळून फेसाळ दूध ग्लासात. दोन ग्लास घेतले, एक त्याच्या हातात दिला. त्यानं घेतला, पण प्यायला नाही, फेस बसायची वाट बघत राहिला.

मी बिल काढून कट्ट्यावर ठेवलं. "चूक माझी हाय."

"राहू द्या काका. ते मिटलं."

"मिटलं म्हंजे?"

"भरलं मी. हप्त्यानं." मग थोडा वेळ गप्प. मग जे बोलायला लागला ते थांबेना. हाफ टाइमला त्यानं कोचला सांगितलं होतं, गुडघा निसटतोय. कोच म्हणाला, पट्टा आवळ, वीस मिनिटं काढ. साठाव्या मिनिटाला तो वळला आणि खाली बसला. कोचला वाटलं नाटक. बाहेर घेतलं ते रागानं. "पैशाचं काय न्हाई वो काका. रात्री स्टॉपवर आप्पांना कोणतरी म्हणालं, पोराला किती मिळालं? आप्पा रिक्षा घिऊन घरला आलं आन् खिळ्यानं स्टिकर खरवडत बसलं." तालमीचा स्टिकर, मीच छापलेला, रिक्षाच्या मागच्या काचेवर बारा वर्षं होता.

मला वाटलं होतं पोरगं रडेल किंवा शिव्या देईल. त्यानं दूध एका दमात संपवलं, ओठावरची मिशी पुसली आणि म्हणाला, "पर गुडघ्याचं तिकडं सांगू नका."

त्याचा बेत तयार होता. समोरची तालीम देते ते मानधन आधी घ्यायचं. पहिले तीन-चार सामने सरळ रेषेत खेळून काढायचे. मग एखाद्या टॅकलमध्ये पडायचं. तिथं लागलं म्हटल्यावर ऑपरेशन त्यांनी करायचं. "तुम्ही केलं न्हाईसा, ते करतील."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. बावीस वर्षांचं पोरगं. चूक म्हणायला माझ्याकडं तोंड नव्हतं, आणि बरोबर म्हणवत नव्हतं. ग्लासांचे पैसे देऊन घरी आलो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, बायको म्हणाली दूध बाधलं.

पुढच्या रविवारी, पितृपंधरवड्यातच, परत बैठक. बेत सांगितला नाही, पण रिपोर्ट मोठ्यानं वाचला, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, बिल माझ्याकडं पडून होतं हेही सांगितलं. माडीवर पंखा तेवढा कुईकुई करत होता. कोच खाली बघत होता. तो वाईट माणूस नाही. सामन्याच्या दिवशी अकरा पोरं, पन्नास सल्लागार आणि पाच हजार शिव्या एकट्यानं झेलायच्या असतात.

मग अध्यक्ष म्हणाले, "मग तर आजच दिला पाहिजे."

दोघेतिघे हसले. हसण्यासारखं होतंही. पण ते थट्टेनं म्हणाले नव्हते. मोडका गुडघा जाणार, धडधाकट किपर येणार, वर एक डिफेन्स. नुकसान कुठं आहे? रिपोर्ट आपल्याकडं आला हे कुणाला माहीत? पोरगंही बोलणार नाही, त्याचं मानधन जाईल. सगळ्यांचंच बरं होत होतं, समोरची तालीम सोडून. त्यांनी आमची दोन पोरं याआधी फोडली होती, त्याची यादी कुणीतरी लगेच काढली.

वस्तादांनी डोळे उघडले. "वडगावच्या बाजारात बैल इकायला न्हेतासा काय रं? लंगडतंय म्हनून शिंगं रंगवून?" त्यांच्या काळात म्हणे जोड ठरवताना खांदा निखळलेला असला तर समोरच्या वस्तादाला आधी सांगायचे. खरं होतं की म्हाताऱ्याची आठवण गोड झाली होती, कोण जाणे. हात वर करून मतं घेतली. न सांगता द्यायचा, पाच. विरोधात तीन. माझा हात मांडीवरच राहिला. विरोधात वर करायला हवा होता, केला नाही. अजून आठवतं.

मंजूर झालं. सेक्रेटरीनं पत्र करावं.

भाच्याला फोन लावला. तुमच्यात गुडघा लपवून देतात का रे, विचारलं. तो म्हणाला, जमतच नाही, आधी डॉक्टरी कागद समोरच्याकडं जातात, आयकलचे गेलेच होते. मग म्हणाला, "मामा, तिकडं कागद जातात कारण करोडोचा करार असतोय. लोक सज्जन हायत म्हणून न्हाई."

मी पत्र टाइप केलं. दोन ओळींचं. ‘सदर खेळाडू आपल्या संघातून खेळण्यास आमच्या मंडळाची कोणतीही हरकत नाही.’ प्रिंट काढली. शिक्का मात्र मारला नाही. पोराला फोन केला. "माझ्या हातात पत्र हाय. तू जाऊन त्यांना रिपोर्ट दाखीव, मग शिक्का मारतो. दोन दिवस थांबतो, न्हाईतर मी फोन करणार." त्यानं फोन कापला. परत लावला तर बंद. पहिल्यांदा माझं बिल भरलं नाही, आता माझा सौदा मोडताय, असं त्याला वाटलं असणार, आणि त्याच्या बाजूनं बघितलं तर ते तसंच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या सेक्रेटरीचा फोन. पोरगा रात्री त्यांच्या कोचच्या घरी जाऊन रिपोर्ट ठेवून आला होता. कोचनं गुडघा दोन्ही हातांत धरून पुढं ओढून बघितला, म्हणे हातात आला. सौदा मोडला. "किपर न्हाई देत आम्ही. पोरगं बरं करा, मग बघू. आणि सेक्रेटरी, तुमच्या अध्यक्षांना सांगू नका कुणी सांगितलं ते." अध्यक्षांना अर्थात तासाभरात कळलं. दिवाळीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका दुसऱ्याच छापखान्यात गेल्या, ते जास्त लागलं.

आता पोरगं आमच्याच गळ्यात. नाराज होतं ते अधिकच नाराज, खेळता येत नाही, आणि किपर तोच, देवाचं नाव घेणारा. पुढचं फार सांगत बसत नाही. गणपतीची शिल्लक होती ती काढली, वस्तादांनी गावाकडचा ऊस गेल्यावर पैसे दिले, निम्मे पोराच्या बापानं भरले आणि एक रुपयाही कमी घ्यायला तयार झाला नाही. डिसेंबरात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, मैदानावर उतरायला नऊ महिने, घाई केली तर परत माझ्याकडं. नोंदणीत त्याचं नाव आम्ही घातलं. कोच कुरकुरला, एक जागा फुकट जाते म्हणून. त्यात चूक काय? फुकटच गेली.

तो हंगाम वाईट गेला. खालच्या गटात जाता जाता वाचलो. एका सामन्यात कॉर्नरवरून तिसरा गोल खाल्ला तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "सेक्रेटरी, रिपोर्ट वाच!" सगळी गॅलरी हसली. मी भडंगाची पुडी तशीच धरून बसलो. खरं सांगायचं तर तो किपर त्या दिवशी आमच्याकडं असता तर आम्ही जिंकलो असतो. तो समोरच्या गोलात उभा होता.

अकरा नंबर तालमीत यायचा तो व्यायामाला. खाली हौद्याशेजारच्या खोलीत रबराचा पट्टा घोट्याला बांधून पाय मागं ओढायचा, भिंतीवर खडूनं रेघा मारायचा. वस्ताद खुर्ची टाकून मोजायचे आणि दर वेळी दोन-तीन कमीच मोजायचे. माझ्याशी नमस्कारापुरतं बोलायचा. जूनमध्ये भाच्याचा मेसेज आला, कचकच्या फ्लोरिडानं परत कप जिंकला. मी अंगठा पाठवला.

2025 चा दसरा होऊन गेला आणि एका दुपारी तो छापखान्यात आला. सरळ चालत. मशीन चालू होतं, दिवाळी अंकाच्या जाहिराती निघत होत्या. मी मशीन बंद करायला लावलं.

"त्यांनी बोलावलंय काका. डॉक्टरांचं पत्र बी बघितलंय त्यांनी."

"बदल्यात?"

"काय न्हाई. आता कोण देतंय?"

अध्यक्षांना विचारावं लागेल असं मी म्हणालो. तो म्हणाला, विचारून आलोय, ते म्हणाले सेक्रेटरीकडं जा, त्यांच्याच हातात असतंय सगळं. मला हसू आलं, त्याला आलं नाही. जुनी फाइल काढली. त्यातच ते पत्र होतं, वर्षाचं, बिनशिक्क्याचं. तारीख बदलून नवं काढलं. सही केली, शिक्का उघडला, पॅडवर दाबला, मारला.

त्यानं कागद उचलून उजेडात धरला. बाहेर रस्त्याच्या कडेला रिक्षा उभी होती, इंजिन चालूच. मागच्या काचेवर खरवडलेल्या जागी डिंकाचा गोल अजून दिसत होता.

"पुसट उठलाय काका," तो म्हणाला. "परत मारा."